धाकट्या बाईंचेच पेशंट का पडतात?

या, मंडळी, जरा पुढे सरका. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना अगदी पुढची जागा द्या, कारण गोष्ट त्यांच्याच वयाच्या माणसांची आहे. एका भल्या डॉक्टरीणबाईवर आळ कसा आला आणि भर जेवणघरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो कसा धुऊन निघाला, ते सांगायचं आहे. हसाल, आणि हसता हसता डोळे पुसाल. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

भाऊजींनी बिस्कीट चहात बुडवलं आणि नेमकी दारावर थाप पडली. बिस्कीट गळून कपात बुडालं.

“झालं!” भाऊजी हळहळले. “ज्याच्या नशिबी नाही त्याच्या तोंडी नाही.”

“दार उघडा भाऊजी,” आतून वहिनींचा आवाज आला. “बाई आहे, घाईत आहे, आणि रडून आलेली आहे.”

“न बघता कसं कळलं?”

“चपला भराभर वाजल्या, मग दाराशी थांबल्या, मग नाक शिंकरलं, मग थाप पडली. कान असले की झालं.”

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. नकाशे काढण्याच्या कचेरीत हयात गेली, आता निवृत्त. अंगानं भरलेले, गुडघ्यानं अधू, मनानं लोण्याचा गोळा. वहिनी काटकुळ्या, साठी ओलांडलेल्या. खासगी तपासाचं काम करत. वकील असो, व्यापारी असो, पोलीस असो, सगळे त्यांना वहिनीच म्हणत. आणि त्या समोर आल्या की खोटं बोलणाऱ्याची जीभ टाळूला चिकटे.

दारात पस्तिशीची एक बाई होती. खांद्याला डॉक्टरी बॅग, डोळे लाल.

“मी वृद्धनिवासात डॉक्टर आहे,” ती म्हणाली. “तिथं मला धाकट्या बाई म्हणतात. उद्या दुपारी मला काढून टाकणार आहेत. आणि माझा डॉक्टरकीचा परवाना रद्द करा म्हणून वर तक्रारही जाणार आहे.”

“कशापायी?”

“मी म्हाताऱ्या माणसांना गुपचूप झोपेच्या गोळ्या देते म्हणून.”

“देता का?” वहिनींनी विचारलं.

भाऊजींना ठसका लागला. पण बाई रागावली नाही. तिनं वहिनींच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, “नाही. देवाशपथ नाही.”

“बसा. भाऊजी, यांना चहा द्या. तुमचा नको, त्यात गाळ आहे. हं, पहिल्यापासून सांगा.”

निवासात डॉक्टर दोन. एक मोठे डॉक्टर, धाकट्या बाईंचे गुरू. बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. अर्धे रहिवासी त्यांच्याकडे, अर्धे बाईंकडे. व्यवस्थापकांच्या डोक्यात आलं, की म्हाताऱ्या माणसांना कोणता डॉक्टर किती औषधं लिहितो आणि कोणाचे पेशंट कसे राहतात, याची तुलना करावी.

“मोठ्या डॉक्टरांचा हात सढळ,” बाई म्हणाल्या. “माझा आखडता. उतारवयात शरीर औषध लवकर बाहेर टाकत नाही. तरण्या माणसाला एका रात्रीपुरती लागते ती गोळी म्हाताऱ्याच्या अंगात दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. म्हणून मी मोजकंच लिहिते.”

“मग तुमचे पेशंट टुणटुणीत हवेत.”

“तेच तर! त्यांचे टुणटुणीत आहेत आणि माझे पेंगतात, अडखळतात, पडतात. परवा आमचे मास्तर पडले. रक्त तपासलं तर त्यात झोपेचं औषध! मी ते लिहिलेलंच नव्हतं. आता सगळे म्हणतात, तुलनेत कागदावर औषध कमी दिसावं म्हणून मी बॅगेतून सुट्या गोळ्या देते.”

“तुमचे सगळे पेशंट निवासातच आहेत?”

“नाही, बाहेर माझा दवाखाना आहे. तिथंही म्हातारी माणसं पुष्कळ येतात. ती छान हिंडतात-फिरतात.”

वहिनी उठल्या आणि चपला पायात सरकवल्या. “चला भाऊजी. तो चहा आता जिवंत होत नाही.”

निवासाच्या व्यवस्थापकांचं टेबल इतकं नीटनेटकं होतं, की भाऊजींना त्यावर कोपर टेकवायचीही भीती वाटली. भिंतीवर मोठा रंगीत तक्ता होता. एका बाजूला औषधं, दुसऱ्या बाजूला पडझड. मोठ्या डॉक्टरांच्या रांगेत औषधांचा डोंगर आणि पडझडीचं मैदान. धाकट्या बाईंच्या रांगेत बरोबर उलटं.

“रेघा सुबक आहेत हो,” नकाशेवाल्या भाऊजींना राहवलं नाही.

“आकडे खोटं बोलत नाहीत,” व्यवस्थापक म्हणाले.

“आकडे बोलतच नाहीत, साहेब,” वहिनी म्हणाल्या. “आपण त्यांच्या तोंडी घालतो. बरं, निवासात अलीकडे काही नवं केलंत का?”

व्यवस्थापक खुलले. “केलं ना! जेवणघरातली बैठक बदलली. पूर्वी या डॉक्टरांचे एका बाजूला आणि त्या डॉक्टरांचे दुसऱ्या बाजूला बसत. औषध वाटायला सोपं जायचं म्हणे. शाळा आहे का ही? मी सगळ्यांना मिसळून बसवलं. आता बघा, कसा जिव्हाळा आहे!”

दाराशेजारी नियमांची पाटी होती. वहिनींनी ती वाचली. पाहुण्यांच्या वेळा, दिवे बंद करण्याची वेळ, आणि खाली ठळक अक्षरांत: आपले औषध दुसऱ्यास देणाऱ्यास निवास सोडावा लागेल.

“हा नियम मोडला का कुणी?”

“माझ्या काळात एकदाही नाही,” व्यवस्थापकांनी छाती फुगवली.

औषधाच्या खोलीची किल्ली सिस्टरच्या गळ्यात होती. आडव्या अंगाची, सरळ बोलीची बाई. तिच्यापुढे दोन ट्रे होते. एकातले छोटे कप गोळ्यांनी भरलेले, दुसऱ्यातल्या कपांचा तळ दिसत होता.

“हा मोठ्या डॉक्टरांचा,” ती म्हणाली. “उचलायला दोन हात लागतात. हा धाकट्या बाईंचा, करंगळीवर नाचवावा. टेबलं बदलली आणि माझ्या पायांचे तुकडे पडले. दोन्ही ट्रे घेऊन सगळं जेवणघर पालथं घालते. आणि तेव्हापासूनच धाकट्या बाईंच्या माणसांची ही पडझड सुरू झाली. म्हटलं, कुणाची दृष्ट लागली!”

“गोळ्या तुमच्यासमोरच घेतात ना सगळे?”

“म्हणजे काय! कप रिकामा झाल्याशिवाय मी टेबलापासून हलत नाही.”

वहिनींनी एक भरलेला कप बोटानं दाखवला. “हा कुणाचा?”

“आत्याबाईंचा. ही लाल हृदयाची, ही रक्तदाबाची, ही लघवीची. ती घेतली की तासभर बाथरूमच्या फेऱ्या ठरलेल्या. शिवाय रात्री झोपेची वेगळी.”

भाऊजींनी घसा साफ केला. आपणही काही विचारावं, असं त्यांना वाटलं. “सिस्टर, रात्री हे लोक फार त्रास देतात का?”

सिस्टरनं कमरेवर हात ठेवले. “कळलं मला तुम्हाला काय म्हणायचंय. मी झोपवते होय यांना? अहो, मला निवांत रात्र हवी असती तर धाकट्या बाईंच्या गरीब गायींना कशाला झोपवलं असतं? खरा दंगा मोठ्या डॉक्टरांचे पेशंट घालतात. दिवे गेले तरी गप्पा, पहाटे उठून खुर्च्या सरकवणं. झोपवायचं तर त्यांना नाही का झोपवणार?”

भाऊजींनी हात जोडले. “माफी असावी.”

नाश्त्याच्या वेळी दोघं जेवणघरात जाऊन बसले. सिस्टर ट्रे घेऊन फिरत होती. शेजारच्या टेबलावर एक आजोबा आपला भरलेला कप सगळ्यांना दाखवत होते, जणू शर्यतीत मिळालेलं पदक.

“हे बघा आमचे डॉक्टर! माणसाकडं लक्ष असलं की असं असतं.”

“मिरवा, मिरवा,” समोरच्या आजी कपातली एकुलती एक गोळी हलवत म्हणाल्या. “आमच्या बाईंना आमची तेवढी काळजी नाही, दुसरं काय!”

सगळे हसले. आजीही हसल्या, पण कप त्यांनी पटकन बशीमागे सरकवला.

नाश्ता आटोपला तशा वहिनी मास्तरांपाशी गेल्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. कपाळाला पट्टी, डोळे अर्धे मिटलेले.

“मास्तर, धाकट्या बाईंनी तुम्हाला कधी बॅगेतून गोळी दिली?”

“बॅगेतून? साधं खोकल्याचं चाटणसुद्धा नाही!” मास्तर म्हणाले. “बाई गुणी आहे हो, पण हात फार आखडता. रक्तदाबाची एक गोळी, की संपलं. थांबा हं.” ते काठी टेकत बाथरूमकडे धावले. परत आले, बसले. “काय म्हणत होतो? हां, बाई कधी... थांबा हं, आलो.”

तिसऱ्यांदा परतल्यावर वहिनींनी विचारलं, “झोप कशी लागते?”

“मेल्यासारखी. पूर्वी अशी नव्हती. सकाळी डोकं म्हणजे ओला कापूस. काल गंमत काय झाली, आठ सक्कं किती ते आठवेना.” त्यांनी कपाळावरची पट्टी चाचपली. “पण माझी हेळसांड होत नाही बरं का. इथली माणसं फार जीव लावतात.”

मोठ्या डॉक्टरांच्या पेशंट आत्याबाई खिडकीशी पत्ते पिसत बसल्या होत्या. त्यांनी भाऊजींना हाक मारली. “ए भाऊ, बस इथं. चौथा गडी हवाय.”

भाऊजी बसले. आत्याबाईंनी आधी आपल्या बशीतलं बिस्कीट मोडून अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं.

“अहो, राहू द्या.”

“राहू द्या काय? एकटीनं खाल्लेलं अंगी लागत नाही. घे.”

आणि मग आत्याबाईंनी भाऊजींना असं धुतलं, की बोलायची सोय नाही. डावामागून डाव. भाऊजींनी तीनदा पाय मोकळे केले, एकदा पाणी प्यायले, आत्याबाई मात्र पान हातात धरून ठाण मांडून होत्या.

“रात्री झोपता की नाही, आत्याबाई? डोकं फारच तल्लख आहे तुमचं,” भाऊजी कुरकुरले.

“कसली झोप! भिंतीपलीकडं मास्तर घोरतात, त्याचे सूर मोजत पडते. मध्येच त्यांची काठी पडली तर इथं मी दचकते.” त्यांनी शेवटचं पान आपटलं. “हरलास रे, पोरा.”

वहिनी मागे उभ्या राहून नुसतं बघत होत्या.

मोठे डॉक्टर उंच, पांढऱ्या केसांचे, हसतमुख. पाहुण्यांना त्यांनी आपणहून खुर्च्या दिल्या.

“पोरगी हुशार होती हो,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला. “माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी. कुठं घसरली, कळत नाही. पण तुलना समोर आहे. माझे म्हातारे हरणासारखे पळतात.”

“आत्याबाईंना लघवीची गोळी कशासाठी?”

“पायांवर सूज यायची.”

“सूज कशानं?”

“रक्तदाबाच्या गोळीनं येते कधीकधी.”

“आणि झोपेची?”

“लघवीची गोळी सुरू झाल्यापासून रात्रीही बाथरूमला उठावं लागतं, झोपमोड होते, अशी तक्रार होती.”

“म्हणजे गोळीनं दुखणं आणि दुखण्याला गोळी,” वहिनी म्हणाल्या.

मोठे डॉक्टर हसले, पण जरा उशिरा. “हसा तुम्ही. पण गुण येतोय ना?”

“तेवढ्यासाठीच एक विनंती. आत्याबाईंचं रक्त तुमच्याच हातानं तपासायला पाठवा. झोपेचं औषध किती आहे ते बघा. उद्या सभेत सांगा.”

“अवश्य! लपवायचं काय आहे?”

परतताना भाऊजींनी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं नकाशाच काढला. “माझं ठरलं, वहिनी. हे मोठे डॉक्टरच. शिष्या पुढं जाईल म्हणून जळतात. गोड बोलून गळा कापणारे असतातच.”

“आणि गोळ्या मास्तरांच्या पोटात पोचवल्या कशा? सिस्टर राखण करते.”

“तिथंच माझी रेघ अडलीय.”

“एक सांगा. तुम्ही हरत होतात तेवढ्या वेळात आत्याबाई किती वेळा उठल्या?”

“एकदाही नाही! म्हणून तर हरलो. उठल्या असत्या तर त्यांची पानं बघितली असती.”

वहिनी इतक्या हसल्या, की रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. “भाऊजी, तुम्ही खटला सोडवलाय आणि तुम्हालाच पत्ता नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणघर भरलं. व्यवस्थापकांनी तक्ता आणून समोर टांगला. रहिवासी आपापल्या टेबलांशी बसले. धाकट्या बाई एका टोकाला, बॅग मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. मोठे डॉक्टर सगळ्यांत शेवटी आले. आज ते हसत नव्हते. भाऊजींना वाटलं, चोराच्या मनात चांदणं!

“सुरू करू या,” व्यवस्थापक म्हणाले. “कागद तयार आहे, सही तेवढी राहिली आहे.”

“सही करा खुशाल,” वहिनी उभ्या राहिल्या. “पण आधी मला दोन गोष्टी बोलू द्या. या घरात काही दिवस सगळे एकच विचारतायत, धाकट्या बाईंचे पेशंट का पडतात? मोठ्या डॉक्टरांचे का पडत नाहीत, हे कुणी विचारलं का?”

“त्यात काय विचारायचं?” व्यवस्थापक म्हणाले. “चांगली औषधं आहेत म्हणून.”

“बघू या. प्रथम धाकट्या बाई. त्या गुपचूप गोळ्या देणाऱ्या असत्या, तर बाहेरच्या दवाखान्यातले म्हातारेही पेंगले असते. ते हिंडतायत. म्हणजे दोष डॉक्टरमध्ये नाही, या घरात आहे. मग सिस्टर? दंगा करणाऱ्यांना जागं ठेवून गरिबांना झोपवणारी सिस्टर जगात नसेल. आणि पडझड सुरू कधी झाली? टेबलं बदलल्यावर. नवं औषध आलं नाही, नवा डॉक्टर आला नाही. एवढंच झालं, की भरलेल्या कपाची माणसं रिकाम्या कपाच्या माणसांशेजारी येऊन बसली.”

टेबलाटेबलांवरची माणसं आपापल्या शेजाऱ्याकडे बघायला लागली.

“आता काल मी काय बघितलं ते सांगते. आत्याबाईंच्या कपात लघवीची गोळी होती. ती घेतली की तासभर फेऱ्या, हे सिस्टरचे शब्द. आत्याबाई पत्ते खेळताना एकदाही उठल्या नाहीत. मास्तरांना ती गोळी नाही, आणि त्यांनी तीन वाक्यांत तीनदा धाव घेतली. आत्याबाईंना झोपेची गोळी आहे, त्या रात्रभर मास्तरांचं घोरणं ऐकतात. मास्तरांना ती गोळी नाही, ते मेल्यासारखे झोपतात. गोळी एकीच्या कपात आणि गुण दुसऱ्याच्या अंगात! सिस्टर कप रिकामा होईपर्यंत थांबतात खऱ्या. पण रिकामा कप म्हणजे भरलेलं पोट नव्हे.”

भाऊजींच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. त्यांनी कपाळावर हात मारला. आवाज सगळीकडे गेला.

“मोठे डॉक्टर,” वहिनी हलकेच म्हणाल्या. “रक्ताचा निकाल?”

मोठे डॉक्टर उठले. त्यांना खोटं सांगता आलं असतं; निकाल त्यांना एकट्यालाच ठाऊक होता.

“आत्याबाईंच्या रक्तात झोपेचं औषध नाही,” ते म्हणाले. “मागमूससुद्धा नाही. सकाळी आणखी दोघांचं तपासून घेतलं. तिथंही नाही.”

सगळीकडे कुजबुज उठली. व्यवस्थापक मास्तरांकडे वळले. “मास्तर, तुम्हाला गोळ्या कोण देतं?”

मास्तर छताकडे बघायला लागले. “गणितातलं विचारा. माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत.”

“मास्तर, एका डॉक्टरचं आयुष्य पणाला लागलंय.”

“माझ्याशी चांगलं वागलेल्या माणसाला मी घराबाहेर घालवणार नाही!” मास्तरांनी काठी आपटली. “आणि बाईंनाही घालवू नका. मला काढा. मी खाल्ल्या ना गोळ्या?”

तेव्हा खिडकीजवळची खुर्ची सरकली. आत्याबाई उभ्या राहिल्या. पाटीवरचा नियम त्यांना तोंडपाठ होता. जायला दुसरं घर नव्हतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

“मी दिल्या,” त्या म्हणाल्या. “कप तोंडाला लावायचा, गोळी मुठीत ठेवायची. सिस्टर, तू पोरी रागावू नकोस. अगं, ज्या दिवशी मास्तर माझ्या टेबलावर आले, त्या दिवशी त्यांचा कप बघितला. एकच गोळी! मला घास गिळेना. मोठे डॉक्टर म्हणतात, या औषधांनीच आत्याबाई टिकल्या. मग या माणसानं काय पाप केलंय? शेजारी उपाशी आणि मी पोटभर, हे मला कसं रुचावं? म्हणून लघवीची दिली, झोपेची दिली. रक्तदाबाची त्यांची त्यांना होतीच. लाल तेवढी नाही दिली. ती हृदयाची. तेवढी स्वार्थी आहे मी.” त्यांनी धाकट्या बाईंकडे बघितलं. “पोरी, तुझ्यावर आळ आला तो तू जास्त देतेस म्हणून. मला वाटायचं, तू फार कमी देतेस! माझ्या गोळीचा यात हात असेल, हे डोक्यातच आलं नाही गं. नाहीतर कालच बोलले असते. आता काढा मला. पण हिला हात लावू नका.”

कुणी काही बोलायच्या आत दुसरी खुर्ची सरकली. कप मिरवणारे आजोबा उठले. “मीही देतो. समोरच्या आजींना.”

“आणि मी त्या कोपऱ्यातल्या काकांना,” तिसरीकडून आवाज आला.

“मीपण!” “मीसुद्धा!” खुर्च्यांमागून खुर्च्या सरकल्या. बघता बघता मोठ्या डॉक्टरांचे जवळजवळ सगळे पेशंट उभे होते आणि धाकट्या बाईंचे सगळे पेशंट खाली माना घालून बसले होते, चोरी करताना सापडलेल्या पोरांसारखे.

सिस्टरनं डोक्याला हात लावला. “अरे देवा! मी दोन हातांनी ट्रे कशासाठी वाहत होते?”

पहिले हसले ते मास्तर. मग सगळं जेवणघर हसलं.

मोठे डॉक्टर मात्र तक्त्यापाशी गेले आणि त्यांनी आपल्या रांगेवर बोट ठेवलं. “म्हणजे माझे पेशंट ठणठणीत होते ते माझ्या औषधांमुळे नव्हे,” ते म्हणाले. “ती घेतली नाहीत म्हणून. पूर्वी माझेच पेंगायचे, तेव्हा मी वयाला बोल लावला. आणि हिचे पडत होते ते माझ्या औषधांनी.” ते आपल्या शिष्येकडे वळले. “बाळ, तुला मी काय शिकवलं ते मीच विसरलो. तू माझ्या प्रत्येक पेशंटची औषधं माझ्यासोबत बसून तपासशील? कोणतं हवं, कोणतं नको, ते तू बोल. मी लिहून घेतो.”

धाकट्या बाईंनी सभेत आवरून धरलेलं रडू त्या वेळी फुटलं. पण डॉक्टर ती डॉक्टरच. डोळे पुसले आणि उभ्या लोकांकडे वळून म्हणाल्या, “आधी सगळे नीट ऐका. आपल्या मनानं औषध सोडायचं नाही, आणि दुसऱ्याला तर मुळीच द्यायचं नाही. काही गोळ्या हळूहळू कमी कराव्या लागतात. एकेकाला बघूनच ठरवू. आणि व्यवस्थापकसाहेब, आत्याबाई या घरातून गेल्या, तर त्यांच्या पिशव्या उचलायला मी असेन, आणि परत येणार नाही.”

“आम्हीही!” सगळं जेवणघर ओरडलं.

व्यवस्थापकांनी उभ्या असलेल्या माणसांवरून नजर फिरवली. नियम पाळायचा तर अर्धं निवास रिकामं होत होतं. त्यांनी सहीसाठी ठेवलेला कागद घेतला, फाडला, आणखी फाडला, आणि म्हणाले, “जिव्हाळा वाढावा म्हणून टेबलं बदलली होती. इतका वाढेल असं वाटलं नव्हतं.”

मग काय विचारता! टाळ्या वाजल्या, काठ्या जमिनीवर आपटल्या, आणि ज्यांना उठवत नव्हतं त्यांनी चमचे ताटांवर वाजवले. धाकट्या बाईंना मध्ये घेऊन सगळ्या म्हाताऱ्यांनी असा गजर केला, की रस्त्यावरची माणसं खिडकीशी जमली. भाऊजी तर गुडघा विसरून नाचले.

“वहिनी,” ते धापा टाकत म्हणाले, “गुन्हेगार कोण ते आता सांगाच. मला वहीत लिहायचंय.”

“माया,” वहिनी म्हणाल्या. “तिला पकडून कोणत्या कोठडीत ठेवता?”

पुढं दोन्ही डॉक्टर रोज एका टेबलाशी बसले, गुरू आणि शिष्या. आधी मास्तरांच्या डोळ्यांवरची झापड गेली. मग त्यांची काठी भिंतीला टेकली ती टेकलीच. एके सकाळी त्यांनी अख्ख्या जेवणघराला पाढे म्हणून दाखवले आणि चुकणाऱ्यांचे कान धरले. दोन्ही ट्रे आता सिस्टर एकाच हातावर नेते. तुलना आजही होते, पण कोणी किती लिहिलं एवढ्यावर नाही. पेशंटनं खरोखर काय घेतलं आणि त्याला काय झालं, ते त्याच्या शेजारी बसून विचारल्यावर.

झाली गोष्ट. आता एवढंच मागणं आहे. रात्री अंथरुणावर पाठ टेकण्याआधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या आत्याबाईंची आठवण ठेवा. चूक झाली ती प्रेमापोटी. आणि कळली तेव्हा डोक्यावरचं छप्पर पणाला लावून ती बाई सगळ्यांत आधी उभी राहिली. तिच्यासाठी एक नमस्कार जास्तीचा करा.